आशाताईंच्या प्रश्नांना पत्ता हवा

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांत एक प्रश्न दारोदारी ऐकू येतो. "मी त बरा आहो ना जी, मंग गोळ्या कायले खाऊ?" आशाताई उंबऱ्यापाशी उभी असते. हातात डीईसी आणि अल्बेंडाझोल, काखेत रजिस्टर. वरून सूचना अशी की गोळ्या देऊन निघायचे नाही, समोर गिळायला लावायच्या. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला येते. जंतू रक्तात वर्षानुवर्षे निमूट राहतात, पाय सुजेपर्यंत काही कळत नाही, आणि डास तेच जंतू दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडतो, म्हणून गोळी धडधाकट माणसाने खायची. पुढचे प्रश्न मात्र अडवतात. "मागच्या साली खाल्ली त चक्कर आली." "बीपीची गोळी सुरू आहे, ही चालते का?" "सून बाळंतीण आहे, तिले देऊ का?"

बाळंतिणीचे उत्तर मोहीम कोणती आहे यावर ठरते. दोन औषधांच्या मोहिमेत दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण वगळायचे असतात. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध आले. जिथे तिन्ही औषधे द्यायची तिथे, मात्रा उंचीवर ठरते म्हणून, उंची मोजायची पट्टी आली, आणि बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा टाळायची अटही. ताई सिस्टरला फोन लावते, सिस्टर एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना लावते, आणि एमओ तालुक्याच्या मीटिंगमध्ये असतात. "उद्या सांगते" म्हणून ताई पुढच्या घरी जाते. उद्या तिचा पट्टा दुसऱ्या टोल्यावर असतो.

सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्यांना माहिती कशी, कुठून आणि कोणत्या वेळी मिळावी, आणि त्यासाठी ग्रंथालयांनी आपल्या चार भिंतींबाहेर किती पडावे, हा विषय जगात अर्धशतकाहून अधिक काळ चर्चेत आहे. आपल्याकडे तो फारसा कोणाच्या टेबलावर आलेला नाही. ग्रंथालये उच्च व तंत्र शिक्षण खात्याकडे, आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. दोघांच्या इमारती एकाच गावात, कधी एकाच रस्त्यावर असतात. कामानिमित्त एकमेकांच्या दारात जायचे कारण मात्र दोघांनाही पडत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातले प्रतापगड घ्या. बाहेरच्यांना हे गाव महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे माहीत. डोंगरावर महादेव, तिथेच दर्गा, आणि दोन्हीकडे जाणारी माणसे बरीचशी तीच. पायथ्याच्या टापूत धानाची बांधी, माजी मालगुजारी तलाव, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि नवेगावचे जंगल. गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वसाहत आहे, तिच्या टपालाच्या पत्त्यातही प्रतापगड येते. म्हणजे चार-दोन कोसांच्या आत झाडीबोली, गोंडी, हिंदी आणि तिबेटी बोलणारी घरे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले २०१६ मध्ये, आणि ते महाविद्यालय इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे.

दुखणीही या भूगोलाला धरूनच येतात. जंगलकाठचा हिवताप, त्यातही फाल्सिपॅरम. तलाव-नाल्यांच्या गावांतला हत्तीरोग. कुष्ठरोग अजून आहे. सिकलसेल आहे, त्यामुळे लग्न जमवताना वाहकाची 'एएस' आणि रुग्णाची 'एसएस' ही अक्षरे पत्रिकेइतकीच महत्त्वाची ठरायला हवीत, ठरत नाहीत. रोवणीच्या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार डसते. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात, आणि घरचे अपचनाची गोळी शोधत बसतात. पोटदुखीवरून साप ओळखायचा असतो हे आशाताईला माहीत असणे आणि नसणे यांत एका माणसाच्या जिवाचे अंतर असते.

तिला हे कोण सांगते? प्रशिक्षण असते, ते नाकारायचे कारण नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून हजार वस्तीमागे एक आशा आली, आदिवासी भागात पाड्यागणिक. राज्यात आज सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. त्यांना मराठीत पुस्तिका मिळाल्या आणि पुढे सहावे-सातवे मोड्यूल आले. त्यातली नवजात बाळाच्या गृहभेटींची रीत फार मोलाची आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहायचे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनाच अभिमान वाटला.

पण रोजच्या कामात माहिती एकाच दिशेने वाहते. गावातून वर. किती गरोदर, किती कमी वजनाची, किती रक्तनमुने, किती तापाचे. आशा गटप्रवर्तकाला देते, गटप्रवर्तक सिस्टरला, तिथून केंद्र, तालुका, जिल्हा. वहीत लिहिलेले पुन्हा मोबाइलमध्ये भरायचे, आणि ॲप उघडले नाही तर रात्री घरी बसून भरायचे. वरून खाली येतात ते आदेश आणि पीडीएफ, त्यातले पुष्कळसे इंग्रजीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर, "तात्काळ" असा शेरा मारून. आदेशात काय करायचे ते असते. का करायचे, कोणाला नाही करायचे आणि लोकांनी विचारले तर काय सांगायचे, हे त्यात क्वचित असते. आशाताईला प्रश्न पडला तर तो पाठवायचा कुठे, याला पत्ता नाही.

डॉक्टरांचीही याहून फार वेगळी गत नसते, हे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या अभ्यासाने दाखवले आहे. १९८५ मध्ये कोव्हेल आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात बसून पाहिले तेव्हा डॉक्टरांना साधारण दर तीन रुग्णांमागे दोन प्रश्न पडत होते. त्यातल्या जेमतेम तीस टक्के प्रश्नांची उत्तरे तिथल्या तिथे मिळत, आणि तीही बहुतेक दुसऱ्या डॉक्टरला विचारून. आपण काय वाचतो असे त्यांना आधी विचारले होते, तेव्हा त्यांनी मुख्यतः पुस्तके आणि नियतकालिके सांगितली होती. कॅलिफोर्नियात ही स्थिती असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरने शेजारच्या सिस्टरला फोन केला यात नवल काय? अडचण एवढीच की शेजारच्या सिस्टरलाही कधी कधी जुनेच माहीत असते.

आरोग्याच्या पुस्तकांबाबत मला सगळ्यात जास्त धास्ती जुन्याचीच वाटते. कादंबरी जुनी झाली तर तिची किंमत वाढू शकते, औषधाचे पुस्तक जुने झाले तर ते घातक होते. फाल्सिपॅरम हिवतापावर क्लोरोक्विन देणे २०१० च्या सुमारास देशभर बंद झाले आणि आर्टेमिसिनिनची जोडगोळी आली. क्षयाची आठवड्यातून तीनदा द्यायची औषधे २०१७ पासून रोज द्यायची झाली. थोडे चट्टे असलेल्या कुष्ठरुग्णाला दोन औषधे पुरत, एप्रिल २०२५ पासून त्यालाही तीन. साप चावल्यावर वर दोरी आवळायची आणि चिरा द्यायचा, असे छापलेली पुस्तके आमच्या पिढीने शाळेत वाचली आहेत. आज तेच केले तर पाय गमवायची वेळ येते. अशी पुस्तके आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत अजून बसून आहेत, कारण ती काढायची म्हणजे निर्लेखन आले. निर्लेखन म्हटले की ठराव, यादी, तपासणी, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने पुस्तकसंख्या कमी का झाली विचारले तर उत्तर. ग्रंथपाल म्हणतो, राहू दे. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ग्रंथालयाने काही करायचे ठरवले तर पहिले काम पुस्तक आणण्याचे नाही, पुस्तक काढण्याचे आहे.

आता जगाने आणि आपण काय काय करून पाहिले ते बघू. सगळ्यात जुना उपाय म्हणजे पेटी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यातली फिरत्या ग्रंथालयांची पेटी मराठी वाचकाला वाचून तरी माहीत असेल. लाकडी पेटी पुस्तके भरून गावी जायची, ठरलेल्या मुदतीनंतर परत यायची, दुसरी जायची. तीच युक्ती नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथालयाने आफ्रिकेसाठी वापरली. निळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक, आत आरोग्यावरची शंभरावर पुस्तके, जिल्ह्याच्या आरोग्य पथकासाठी. ट्रंक उघडली की तीच कपाट.

पेटीचा गुण असा की तिला वीज आणि रेंज लागत नाही. दोष असा की आपल्या सरकारी कार्यालयात पुस्तक आले की ते डेडस्टॉक रजिस्टरवर चढते. एकदा चढले की हरवल्यास भरपाई कोणाच्या पगारातून, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला एकच सुरक्षित उत्तर असते, कुलूप. प्रशिक्षण केंद्रांत चांगली पुस्तके काचेआड नव्यासारखी कोरी दिसतात ती त्यामुळे. बडोद्याची पेटी चालली कारण ती परत जायची होती. मुक्कामाला आलेली पेटी आपल्याकडे टिकते, पण वाचली जात नाही.

पेटीनंतर आली तार, म्हणजे संगणकाची जोडणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १८७९ पासून चालत आलेली वैद्यकीय लेखांची सूची संगणकावर चढवली, १९७१ मध्ये मेडलाइन सुरू केली आणि १९९७ मध्ये पबमेडच्या रूपाने ती सगळ्या जगाला फुकट खुली केली. मधल्या काळात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, ती आपल्याला उपयोगी आहे. १९८९ मध्ये मायकेल डिबेकी या नामवंत हृदयशल्यविशारदाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितले की नुसती सोय करून भागत नाही, खेड्यापाड्यांतल्या आणि एकट्याने काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत ग्रंथालयाने स्वतः चालत जायला हवे. पुढे तिथे सार्वजनिक आरोग्य खात्याच्या लोकांसाठी वेगळे प्रयत्न झाले, अगदी शोधाची तयार सूत्रेच हाती देण्यापर्यंत. कारण साथीच्या कामातल्या माणसाला लागणारे बरेचसे साहित्य नियतकालिकांत छापलेले नसते. ते खात्याच्या अहवालांत, नकाशांत, शेजारच्या जिल्ह्याच्या अनुभवात पडलेले असते.

भारताच्या वाट्याला तारेचा लाभ अडखळत आला. गरीब देशांना महागडी वैद्यकीय नियतकालिके फुकट वा नाममात्र दरात देणारी 'हिनारी' योजना २००२ मध्ये सुरू झाली, पण पात्र देशांच्या यादीत भारत नाही. देश म्हणून आपण त्या मापात बसत नाही आणि उपकेंद्र म्हणून आपल्याला परवडत नाही. २००७ मध्ये आयसीएमआरने उपचारांचे पुरावे पडताळणारे कॉक्रेन ग्रंथालय साऱ्या देशासाठी खुले करून घेतले, ते चांगलेच झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके, साडेसहा हजारांच्या जवळपास संस्था. त्या मांडवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये येतात, प्राथमिक आरोग्य केंद्रे नाहीत. म्हणजे गोंदियाच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला जे वाचायचा हक्क आहे, ते त्याच जिल्ह्यात साथ आवरणाऱ्या एमओला त्याच्या खुर्चीत बसून वाचता येणार नाही. योजना उच्च शिक्षणाची आहे आणि आरोग्य केंद्र शिक्षणसंस्था नाही, असा त्यातला तर्क. कागदावर बिनचूक.

आणि समजा वाचता आले, तरी इंग्रजी नियतकालिकातला लेख सिस्टरच्या काय कामाचा? तिला हवे असते अर्धे पान मराठी. त्यावर तारीख हवी, आणि हे कोणी तपासले ते हवे. मराठीत असे साहित्य अगदीच नाही असेही नाही. मराठी विश्वकोश सगळ्यांना खुला आहे. डॉ. श्याम अष्टेकरांनी 'आरोग्यविद्या'मध्ये खेड्यातल्या कार्यकर्त्याला डोळ्यांसमोर ठेवून रोगापासून गोळीच्या मात्रेपर्यंत सोप्या मराठीत लिहिले. अशी कामे बहुधा एकेका माणसाच्या चिकाटीवर उभी राहतात, आणि ती नवी ठेवणे हे कोणत्याच खात्याचे काम नसते.

पेटी झाली, तार झाली, राहिला माणूस. अमेरिकेत १९७१ च्या सुमारास गर्ट्रूड लॅम या ग्रंथपाल बाई डॉक्टरांबरोबर थेट वॉर्डात फिरू लागल्या. राउंडला निघालेला प्रश्न टिपायचा, ग्रंथालयात जाऊन शोधायचा, उत्तर घेऊन परत वॉर्डात. त्याच दशकात तिथे 'फिरता ग्रंथपाल' आला. चार-सहा छोट्या इस्पितळांना मिळून एक ग्रंथपाल. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचे, प्रश्न घ्यायचे, मागच्या खेपेचे उत्तर द्यायचे. माझ्या मते प्रतापगडच्या टापूला जगातली दुसरी कोणतीही गोष्ट इतकी लागू पडत नाही. बाजार जसा वारावर भरतो तसा ग्रंथपाल वारावर यावा.

आरोग्य कर्मचारी शिकतो माणसाकडून, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणाऱ्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी ज्या बाया निवडल्या, त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ठरलेल्या दिवशी जमायच्या, आपापल्या गावचे प्रश्न मांडायच्या, एकीचे उत्तर दुसरी द्यायची, राहिलेले डॉक्टर द्यायचे. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने याच्या पुढचे पाऊल टाकले. बाळाला न्यूमोनिया आहे का हे श्वास मोजून ठरते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त. पण साठपर्यंत मोजणे, तेही घड्याळाकडे बघत, ज्यांना येत नाही त्या दायांनी काय करायचे? सर्चने एका पट्टीवर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ बसवले आणि शेजारी तारेत मणी ओवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू पडून संपायच्या आत ठरलेले मणी संपले तर औषध सुरू करायचे. अख्ख्या विज्ञानग्रंथातले एक वाक्य त्यांनी लाकडात आणि मण्यांत उतरवले. 'सर्च' उभारणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा. आशांच्या सहाव्या-सातव्या मोड्यूलचे मूळ तिथे आहे. कठीण माहिती कमी शिकलेल्या बाईला पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती पट्टी एकदा हातात घ्यावी.

आता उलटी वाट. गावातून वर फक्त आकडे जावेत असे थोडेच आहे? डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. लाल विंचू चावलेली पोरे डोळ्यांदेखत जायची, आणि काय करावे ते पुस्तकांत सापडेना. ते रुग्णांपाशी रात्र-रात्र बसले, एकेक लक्षण टिपले, लॅन्सेटला पाठवले, आणि पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध यावर चालते हे दाखवून दिले. चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. बावस्करांची जिद्द सगळ्यांकडे नसते, मान्य. पण प्रत्येक केंद्रात कुणी ना कुणी, कधी ना कधी काहीतरी टिपलेले असते. कोणत्या टोल्यावर पाणी आधी बिघडते, कोणत्या तलावात गप्पी मासे टिकले आणि कोणत्यात नाही, अमक्या साली ताप कुठून सुरू झाला. एमओ बंधपत्र संपले की पीजीला जातात, सिस्टरची बदली होते, आणि ते सारे त्यांच्याबरोबर निघून जाते. नवा माणूस शून्यापासून सुरू करतो.

मग आपल्याकडे आहे काय? बरेच आहे, आणि म्हणूनच चुटपुट लागते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने उभी राहिलेली अनुदानित ग्रंथालये राज्यात अकरा-बारा हजार आहेत. इतके दाट जाळे फार थोड्या राज्यांत सापडेल. त्यातली पुष्कळशी 'ड' वर्गातली, ज्यांना २०१२ नंतर दहा वर्षे वर्षाला तीस हजार रुपये मिळत होते. त्यात वर्तमानपत्रे, भाडे, वीज आणि ग्रंथपालाच्या पगाराच्या नावाने जे काही उरेल ते. २०२२ च्या अखेरीस साठ टक्के वाढ जाहीर झाली, तरी महिन्याकाठी किती पडतात ते वाचकाने मनातल्या मनात भागून पाहावे. या ग्रंथपालाला तुम्ही आरोग्य कर्मचाऱ्यांचीही सेवा करा असे सांगताना माझीच जीभ अडखळते.

तरी अर्जुनी मोरगाव तालुक्याला एक जादा संधी आहे. २०१७ मध्ये भिलार पुस्तकांचे गाव झाले, आणि पुढे ती योजना इतर विभागांत नेताना नागपूर विभागातून नवेगाव बांधची निवड झाली. मारुती चितमपल्लींनी ज्या गावाला मराठी साहित्यात आणले, ते प्रतापगडच्याच तालुक्यातले. पुस्तकांच्या गावात घरोघरी दालने असतात, कुठे कविता, कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रे. त्यात एक दालन आशा, सिस्टर आणि अंगणवाडी सेविकांचे का असू नये? पर्यटक तिथे फोटो काढणार नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

दालनापेक्षाही महत्त्वाची एक साधी गोष्ट आहे. आशांची मासिक सभा केंद्रात भरतेच, तिला सगळ्या येतात, कारण मोबदल्याचा हिशेब तिथे होतो. त्या सभेला तालुक्यातला एक ग्रंथपाल हजर राहावा. हातात एक प्रश्नवही. महिनाभरात लोकांनी काय विचारले, कोणते उत्तर देता आले नाही, ते त्याने त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ज्यांची उत्तरे हाताशी आहेत ती एमओंनी तिथेच द्यावीत. उरलेले गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे जावेत. त्याच्याकडे नियतकालिके आहेत आणि इमारतीतच जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग आहे. तिथून पंधरा दिवसांत अर्धे पान मराठी परत यावे. खाली तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि तारीख. पुढच्या सभेत ते वाचून दाखवावे आणि ग्रुपवर टाकावे. वर्षभरात पन्नास-साठ प्रश्न जमले तर तालुक्याचे स्वतःचे पुस्तक तयार होते, आणि ते दिल्लीत छापलेल्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा इथे जास्त उपयोगी पडेल. "कायले खाऊ" हा प्रश्न दिल्लीच्या पुस्तिकेत या शब्दांत नसतो.

आक्षेप येतील. पहिला हमखास असा की ग्रंथपाल डॉक्टर नाही, चुकीचे सांगितले तर जबाबदार कोण? म्हणूनच ग्रंथपालाने काही सांगायचे नाही, फक्त प्रश्न नेऊन उत्तर आणायचे. सही डॉक्टरची. दुसरा आक्षेप खात्याच्या आतला असेल, तोंडाने कोणी बोलणार नाही असा. आशांचे प्रश्न लिहून ठेवले तर काय काय शिकवायचे राहिले त्याची यादी तयार होते, आणि यादी कोणाच्या हाती लागेल? या भीतीवर उपाय माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणता येईल की २०२० मध्ये कोरोनात आशाताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या आणि दर दारात अफवा ऐकत होत्या, तेव्हा अशी एखादी यादी खात्याच्या हाती असती तर लसीच्या वेळी पुष्कळ तोंडाच्या वाफा वाचल्या असत्या. त्या काळात ग्रंथालयांना टाळे होते. त्यांचे कर्मचारी घरी बसून होते, आणि त्यांच्याकडे या कामासाठी कोणी पाहिलेही नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला पटतो. मराठी अर्धे पान म्हटले तरी ते कोणाच्या मराठीत? पुणेरी पुस्तकी मराठीत लिहिलेले झाडीपट्टीत वाचून दाखवले तर लोक माना डोलावतात आणि घरी जातात. वडसा इथून जवळ, तिथल्या नाटकमंडळ्या हिवाळाभर गावोगाव रात्री जागवतात, आणि दंडारीचे लोकनाट्य तर घरचेच. सिकलसेल तपासणीचे काय, वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, दोन वाहकांनी लग्न केले तर काय, हे बोलीत लिहून देणारी माणसे तालुक्यात आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. तपासणी यंत्र करेल, पण कार्ड हाती पडल्यावर मुलीच्या बापाने काय करायचे ते बोलीतच सांगावे लागेल. तिबेटी वसाहतीचा मुद्दा याहून निराळा. तिथली कुटुंबे हिवाळ्यात स्वेटरविक्रीला शहरांकडे जातात. क्षयाचा उपचार चालू असलेला माणूस चार महिने दुसऱ्या राज्यात असेल तर औषध कुठून घ्यायचे, हे त्याला निघण्याआधी तिबेटीत लिहून मिळायला हवे. ते कागद तिथल्याच कुणाला हाताशी धरून करावे लागतील.

सुरुवात मात्र जुन्या अहवालांपासून करावी असे मला वाटते, कारण त्याला पैसे लागत नाहीत. साथ येऊन गेली की केंद्र एक अहवाल तयार करते, तो जिल्ह्याला जातो आणि फाइलीत बसतो. त्याची एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात यावी. सोबत तपासलेल्या विहिरींची यादी, डास सापडलेल्या तलावांची यादी, यात्रेतल्या पाणीशुद्धीकरणाची टिपणे. महाशिवरात्रीला प्रतापगडला ड्यूटी लागलेल्या नव्या सिस्टरला मागच्या पाच यात्रांत काय बिघडले होते ते एका जागी वाचायला मिळेल. दाखल नोंदवहीत या कागदांसाठी वेगळे पान आखायला शासन निर्णय लागत नाही. फक्त रुग्णांची नावे आणि पत्ते खोडूनच प्रत बाहेर पडावी, आणि ते खोडायचे काम केंद्रातच व्हावे, ग्रंथालयावर सोडू नये.